आधीच्या भाडेकरूचे वसुलीवाले आमच्या दारात येतात

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही जूनपासून पुण्यात सिंहगड रोडला भाड्याने राहतोय. घरात मी, सासूबाई आणि दुसरीतला मुलगा, मिस्टरांची शिफ्ट ड्युटी असते त्यामुळे संध्याकाळी बऱ्याचदा आम्ही दोघी बायकाच असतो. राहायला आल्यावर महिनाभरात एक माणूस आला आणि आमच्या आधीच्या भाडेकरूचं नाव घेऊन ते कुठेत म्हणून विचारायला लागला, मी सांगितलं ते गेले सोडून, आम्ही नवीन आहोत, तो गेला. पंधरा दिवसांनी दुसरे दोघं आले, मग तिसरे, आणि दर वेळी मी तेच सांगायचं. आता मी दार उघडायचंच बंद केलंय तर ते बेल वाजवत उभे राहतात, मागच्या आठवड्यात रात्री साडेआठला येऊन जिन्यात जोरजोरात बोलले की "आतच आहे, लपवून ठेवलंय", शेजारच्या काकूंना कर्जाचा आकडा पण सांगून गेले आणि जाताना दारावर एक कागद चिकटवला. सासूबाईंना वाटतंय घरातलं सामान उचलून नेतील. मुलगा बेल वाजली की आतल्या खोलीत पळतो. घरमालकांना फोन केला तर म्हणाले तुम्ही लक्ष देऊ नका. पण लक्ष कसं नाही द्यायचं? आमचा काही संबंध नसताना आम्ही हे किती दिवस सहन करायचं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला सगळ्यात जास्त लागलं ते मुलाचं वाक्य. बेल वाजली की पोरगं आत पळतंय म्हणजे हे "लक्ष देऊ नका" म्हणण्यासारखं राहिलेलंच नाही, आणि घरमालकांना हे तुम्ही स्पष्ट सांगा.

आधी सासूबाईंची भीती. त्यांना सांगा की एजंट म्हणून दारात येणाऱ्या माणसाला तुमच्या घरातली वाटीसुद्धा उचलायचा अधिकार नाही. घरात पाऊल टाकायचा पण नाही. कर्ज ज्याने घेतलं त्याचं आणि जो जामीन राहिला त्याचं, त्यानंतर त्या फ्लॅटमध्ये कोण राहायला आलं याच्याशी त्या कर्जाचा काही संबंध नसतो. तुमच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या रेकॉर्डवरही याचा परिणाम होत नाही, ही शंका बऱ्याच जणांना असते म्हणून सांगते, पत्ता सारखा आहे म्हणून दुसऱ्याचं कर्ज तुमच्या रिपोर्टमध्ये येत नाही, ते पॅन, नाव, जन्मतारीख यावरून जुळवलं जातं. तरी मनात शंका राहात असेल तर स्वतःचा रिपोर्ट काढून बघा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.

आता तुम्ही दार उघडणं बंद केलंत त्याबद्दल. तुम्ही घाबरून केलंत, कोणीही तेच केलं असतं, पण मी स्वतः एका बँकेच्या वसुली खात्यात बरीच वर्षं काढली आहेत त्यामुळे आतून हे कसं चालतं ते सांगते म्हणजे ते परत परत का येतात ते कळेल. थकलेल्या खात्यांची यादी फायनान्स कंपनी एखाद्या एजन्सीला देते, एजन्सी ती तिच्या पोरांना वाटते, पोरगा पत्त्यावर जातो आणि काय झालं त्याचा एक शेरा टाकतो, हल्ली ते सगळं मोबाईल ॲपमध्ये असतं, दाराचा फोटो लोकेशनसकट जातो. दार उघडलं नाही तर शेरा पडतो "डोअर लॉक". डोअर लॉक म्हणजे माणूस तिथेच असू शकतो, म्हणजे केस उघडी, म्हणजे परत व्हिजिट. तुम्ही पहिल्या माणसाला खरं सांगितलंत पण त्याने शेरा काय टाकला देव जाणे, आणि तोंडी सांगितलेलं पुढच्या माणसापर्यंत पोचत नाही कारण वसुली झाली नाही की काही दिवसांनी तीच फाईल दुसऱ्या एजन्सीला जाते आणि तिथला नवीन पोरगा तोच जुना पत्ता घेऊन तुमच्या दारात उभा राहतो. त्याच्या दृष्टीने तो पहिल्यांदाच आलेला असतो. म्हणून दारातल्या माणसाशी भांडून किंवा त्याला टाळून हे थांबत नाही, कर्ज देणाऱ्या कंपनीच्या रेकॉर्डमध्ये तुमच्या पत्त्यापुढे "इथे राहत नाहीत" असं पडलं पाहिजे तेव्हाच थांबतं. तुमची सगळी खटपट त्या एका नोंदीसाठी करा.

तर पुढच्या वेळी बेल वाजली की सेफ्टी डोअर किंवा साखळी तशीच ठेवून बोला, एकट्या असाल तर शेजारच्या काकूंना हाक मारा, मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि ते त्याला सांगूनच करा. त्याला तीन गोष्टी विचारा, कुठल्या बँकेकडून किंवा कंपनीकडून आलात, ओळखपत्र दाखवा, आणि कंपनीचं अधिकारपत्र दाखवा. हे विचारणं उद्धटपणा नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २००८ मध्ये बँकांच्या वसुली एजंटांसाठी जे नियम काढले त्यातच आहे की एजंटकडे ओळखपत्र आणि अधिकारपत्र पाहिजे. त्याच्या आदल्या वर्षी सुप्रीम कोर्टानेही बँकांना बजावलं होतं की वसुली कायद्याच्या मार्गानेच करायची, त्यासाठी गुंड पाठवायचे नाहीत. ओळखपत्राचा फोटो काढा. खातं क्रमांक सांगत असेल तर लिहून घ्या, नाहीतर तो दारावर चिकटवलेल्या कागदावर असेल, तो कागद फाडू नका आणि टाकूनही देऊ नका, फोटो काढून जपून ठेवा. मग शांतपणे सांगा की ते गृहस्थ इथे राहत नाहीत, आम्ही जूनपासून राहतोय, तुमच्या रिपोर्टमध्ये "शिफ्टेड" लिहा आणि माझ्यासमोर लिहा. बरीच पोरं लिहितात. त्यांनाही उन्हातान्हात फुकट चकरा नको असतात.

काय करायचं नाही तेही सांगते कारण इथेच लोक फसतात. तुम्ही तो नाही हे सिद्ध करा म्हणून आधार, पॅन मागतील, कॉपी देऊ नका. फार तर दाराच्या आतून भाडेकराराचं पहिलं पान दाखवा. कुठल्याही कागदावर सही करू नका, "फक्त आम्ही येऊन गेलो याची सही" असं म्हणाले तरी नाही. ओटीपी तर कोणालाच नाही. आणि थोडे पैसे भरून मिटवून टाका असं कोणी म्हणालं तर एक रुपया देऊ नका, कटकट जाते म्हणून लोक हजार पाचशे देतात आणि मग उलट संशय पक्का होतो की यांचा काहीतरी संबंध आहे.

रात्री साडेआठला येणं, जिन्यात ओरडणं, काकूंना आकडा सांगणं, हे तिन्ही चूक आहे आणि ते तुम्हाला लेखी मांडायचंय. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ ला परत एक परिपत्रक काढलं, ते बँका आणि फायनान्स कंपन्या दोघांनाही लागू आहे, त्यात सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचे नाहीत असं आहे, चारचौघात अपमान करायचा नाही, धमकी द्यायची नाही असं आहे, आणि मला त्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द वाटतो तो म्हणजे वसुली करताना "कोणत्याही व्यक्तीला" धमकावणं किंवा त्रास देणं चालणार नाही. फक्त कर्जदाराला नाही, कोणत्याही व्यक्तीला. तुम्ही त्या शब्दात बसता, तुमच्या सासूबाई बसतात, तुमचा मुलगा बसतो. वेळेचं बंधन त्यात फोनच्या संदर्भात लिहिलंय पण फोनसुद्धा करायचा नाही त्या वेळेला घरी जाऊन बेल वाजवायची मुभा असेल असं कुठलीही कंपनी लेखी म्हणणार नाही, म्हणून तो मुद्दा तक्रारीत जरूर घ्या.

आणि आकडा सांगण्याबद्दल एवढंच की तो माणूस कितीही थकबाकीदार असला तरी त्याचं किती देणं आहे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत फिरायचा हक्क कोणाला नाही. माझ्या नोकरीत मी थकलेली खाती फार जवळून बघितली, त्यात बुडवणारे होते पण नोकरी गेलेले, घरात कॅन्सरचं आजारपण आलेले, धाकट्या भावाच्या धंद्याला जामीन राहून अडकलेले किती होते. त्यांची अब्रू जिन्यात टांगून पैसे वसूल होत नाहीत हे मी अनुभवाने सांगते.

आता अर्ज. त्या कागदावर ज्या बँकेचं किंवा कंपनीचं नाव आहे तिच्या वेबसाईटवर तक्रार निवारण म्हणून पान असतं, तिथे नोडल अधिकाऱ्याचा ईमेल मिळतो. एजन्सीला लिहू नका, एजन्सी बदलत राहते, मूळ कंपनीला लिहा, कारण एजंटने काहीही केलं तरी जबाबदारी कंपनीची असते. मेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टने पण पाठवा, पावती जपा. मजकूर साधा ठेवा, साधारण असा –

"अमुक नावाच्या व्यक्तीच्या अमुक क्रमांकाच्या कर्जखात्यासाठी आपले प्रतिनिधी आमच्या घरी येत आहेत. सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही. आम्ही अमुक तारखेपासून नोंदणीकृत भाडेकरारानुसार येथे राहतो, कराराची प्रत सोबत जोडली आहे. सदर व्यक्तीशी आमचे नाते किंवा आर्थिक संबंध नाही, आम्ही सदर कर्जाचे जामीनदार नाही. आपले प्रतिनिधी पुढील तारखांना व वेळांना आले व त्यांनी पुढीलप्रमाणे वर्तन केले. हा पत्ता आपल्या व आपल्या सर्व वसुली एजन्सींच्या नोंदीतून काढून तसे आम्हाला लेखी कळवावे. यापुढे भेट दिल्यास आम्ही पोलिसांकडे तक्रार करू."

"सर्व वसुली एजन्सींच्या" हे शब्द गाळू नका. तारखा वेळा जेवढ्या आठवतात तेवढ्या लिहा, वॉचमनच्या रजिस्टरमध्ये एंट्री असतील त्या बघा, आणि सोसायटीच्या सीसीटीव्हीचं त्या रात्रीचं फुटेज आजच सेक्रेटरींकडून मागून घ्या कारण काही दिवसांनी त्याच्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं आणि मग काही हातात राहत नाही. कराराची प्रत जोडताना त्यातला आधार नंबर, पॅन, भाड्याची रक्कम काळ्या पेनाने खोडा, त्यांना फक्त नाव, पत्ता, तारीख हवी.

इथे घरमालक येतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि रजिस्टर करणं बंधनकारक आहे आणि ते करायची जबाबदारी घरमालकाची. तुमचा झालेला असेलच, नसेल झाला तर आता हट्ट धरा, कारण अशा वेळी तुमची सगळी ढाल तो कागद आहे. मालकांकडून दोन ओळींचं पत्रही घ्या की आधीचे भाडेकरू अमुक तारखेला घर सोडून गेले, त्यांच्याकडे जुना करार आहे, त्यांना हे लिहायला पाच मिनिटं लागतील. आणि जुन्या भाडेकरूचा नवीन पत्ता किंवा फोन त्यांच्याकडे असेल तर तो त्यांनी कंपनीला कळवावा, तुम्ही मध्ये पडू नका.

अजून एक, ज्याचा कोणी विचार करत नाही. जुन्या भाडेकरूने मागे काही ठेवलंय का घरात? कपाट, कूलर, पलंग, जुना फ्रिज? असेल तर आजच मालकांना मेसेज करून ठेवा की हे सामान आमचं नाही, घेऊन जा. का ते पुढच्या पत्राच्या उत्तरात कळेल.

कंपनीने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवीचं दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, २०२१ च्या नोव्हेंबरपासून बँका आणि ठराविक फायनान्स कंपन्या यांच्यासाठी मिळून एकच योजना आहे, तक्रार ऑनलाईन रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर होते, फी नाही, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. पण खरं सांगायचं तर ती योजना "ग्राहकाच्या" तक्रारीसाठी लिहिलेली आहे आणि तुम्ही त्या कंपनीचे ग्राहक नाही, त्यामुळे तांत्रिक कारणाने परत पाठवली तर खचू नका. तक्रार जरूर करा, कंपनीला त्याचं उत्तर द्यावं लागलं तरी काम होतं, पण फक्त तिच्यावर विसंबून राहू नका. तुमच्या बाबतीत जास्त जवळचा मार्ग पोलीस स्टेशन आहे.

पोलिसांकडे जाताना अर्ज दोन प्रतींत न्या आणि एकीवर शिक्का मारून पोच घ्या. "हा सिव्हिल मॅटर आहे" असं पहिलं वाक्य ऐकायची तयारी ठेवा. त्यावर उत्तर असं की कर्ज सिव्हिल असेल, माझं कर्ज नाहीच आहे, माझी तक्रार धमकीची आणि घरात घुसायच्या प्रयत्नाची आहे. भारतीय न्याय संहितेत धमकावण्याला कलम ३५१ आहे, बेकायदा घरात शिरण्याला ३२९ आहे, बाईमाणसाला उद्देशून घाणेरडं बोलले तर ७९ आहे. निदान एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद तरी करून घ्या आणि तिची कॉपी घ्या. आणि ते दारात असताना परिस्थिती हाताबाहेर जातेय असं वाटलं तर अर्जबिर्ज काही नाही, सरळ ११२ लावा. वकील लागला आणि परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत मिळतो, उत्पन्नाची अट बायकांना नाही, १५१०० वर फोन करून विचारा.

टपालाचं राहिलं. जुन्या भाडेकरूच्या नावाची पत्रं येत असतील तर उघडू नका, सही करून घेऊ पण नका, पोस्टमनला सांगा की हे इथे राहत नाहीत, सोडून गेले, तसा शेरा मारून परत पाठव. फक्त "आम्ही घेत नाही" असं म्हणू नका. दोन्हीत फरक आहे, "घेण्यास नकार" असा शेरा पडला तर कोर्टात नोटीस पोचली असंच धरतात, चेक बाउन्सच्या केसेसमध्ये तर हमखास, आणि मग त्या माणसाला काही न कळता त्याच्याविरुद्ध गोष्टी पुढे सरकतात आणि सगळ्यांना वाटतं तो इथेच आहे. कोर्टाचा बेलिफ आला तर मात्र त्याच्याशी नीट बोला, तो सरकारी माणूस आहे, त्याला करार दाखवा आणि त्याच्या अहवालात लिहून घ्यायला सांगा.

एकच शक्यता मी बाजूला ठेवली होती. दारावरचा कागद पूर्ण वाचा. त्यात जुन्या भाडेकरूचं नाव आणि पर्सनल लोन, गाडीचं लोन, क्रेडिट कार्ड असं काही असेल तर वर लिहिलंय तसं सगळं. पण त्यात तुमचाच फ्लॅट नंबर "तारण मालमत्ता" म्हणून लिहिलेला असेल आणि नाव घरमालकांचं असेल तर विषयच वेगळा, म्हणजे मालकांनी घरावर काढलेलं कर्ज थकलंय. तारण घर बँकेला ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्यात आधी साठ दिवसांची नोटीस असते, मग ताबा. ताब्याची नोटीस पेपरातही येते, एक पेपर स्थानिक भाषेतला लागतो. तसं असेल तर वकिलाकडे लगेच जा, भाडेकरूलाही डीआरटीमध्ये, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात म्हणणं मांडता येतं. "लक्ष देऊ नका" म्हणणाऱ्या मालकांना एकदा हे सरळ विचाराच.

प्रश्न : आम्ही नाशिकमध्ये रिसेलचं रो हाऊस घेतलं, व्यवहार होऊन सात महिने झाले. परवा एका पतसंस्थेचे वसुली अधिकारी जीपमधून तीन माणसं घेऊन आले, हातात १०१ चा दाखला होता, आधीच्या मालकाच्या नावाचा. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन लिहून घ्यायला लागले. मी खरेदीखत दाखवलं तेव्हा थांबले पण म्हणाले परत येऊ. हे खरे अधिकारी असतात का गुंड?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, हे खरे असू शकतात, आणि म्हणूनच वरच्या पत्राला दिलेलं उत्तर तुम्हाला जसंच्या तसं चालणार नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली निबंधक पतसंस्थेला वसुलीचा दाखला देतो आणि कलम १५६ व १९६१ च्या नियमांतला नियम १०७ याप्रमाणे विशेष वसुली अधिकाऱ्याला जप्तीचे अधिकार असतात. फायनान्स कंपनीच्या एजंटला जे नाही ते याच्याकडे आहे. फक्त ते अधिकार थकबाकीदाराच्या मालमत्तेपुरते आहेत, तुमच्या फ्रिजपुरते नाहीत.

ते लिहून घ्यायला लागले की धक्काबुक्की करू नका, सरकारी कामात अडथळा म्हणून उलट तुमच्यावर यायचं. दाखला आणि अधिकाराचा आदेश मागून वाचा, फोटो काढा. आणि तिथल्या तिथे लेखी हरकत द्या की ही वस्तू माझी आहे, हे बिल. नियम १०७ मध्येच अशी हरकत आली तर वसुली अधिकाऱ्याने तिची चौकशी करायची असं आहे, तोंडी भांडणाला ते बंधन लागू होत नाही, लेखी कागदाला होतं. टीव्ही, फ्रिजची बिलं शोधून ठेवा, ऑनलाईन घेतलं असेल तर प्रिंट काढा, लग्नात आलेल्या वस्तूंचे फोटो चालतील. आधीचा मालक "असू दे तुम्हाला" म्हणून काही ठेवून गेला असेल तर ते व्यवहाराच्या कागदात लिहिलेलं आहे का बघा. नसेल तर त्या वस्तूवर तुम्हाला फार ताणता येणार नाही, पुण्याच्या ताईंना मी जुन्या सामानाचं सांगितलं ते याचसाठी.

पतसंस्थेला आणि तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांना खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि पत्र पाठवा, पोच घ्या. रिझर्व्ह बँकेकडे इथे जाऊन उपयोग नाही, पतसंस्था तिच्या अखत्यारीत येत नाहीत.

आता मला तुमची खरी काळजी वाटते ती सामानाची नाही, घराची. तुम्ही घेताना सर्च रिपोर्ट, म्हणजे घराच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल काढला होता का? प्रॉपर्टी कार्डवर किंवा सातबाऱ्याच्या इतर हक्कात त्या पतसंस्थेचा बोजा आहे का, हे उद्याच्या उद्या बघा. माणसाचं साधं कर्ज माणसाबरोबर जातं पण घर गहाण टाकून घेतलेलं कर्ज घराबरोबर राहतं, मालक बदलला तरी. बोजा असेल तर ताबडतोब चांगला वकील गाठा, दाखल्याच्या रकमेपुरता विक्रेत्यावर दावा लावायचा का ते तो बघेल. बोजा नसेल तर शांत झोपा, फक्त कागद हाताशी ठेवा.

घराला चिकटणारी अजून दोन देणी असतात, सोसायटीचा थकलेला मेंटेनन्स आणि वीजबिल. विजेच्या बाबतीत २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की आधीच्या मालकाची थकबाकी भरल्याशिवाय त्या जागेत नवीन कनेक्शन देणार नाही अशी अट वीज कंपनीला नियमांनुसार घालता येते. त्यामुळे मीटर नावावर झाला नसेल तर तेही बघून घ्या.

प्रश्न : मी नवीन सिम घेतलं आणि पहिल्या दिवसापासून कुणा ताईंच्या कर्जासाठी फोन येतायत, दिवसाला दहा बारा. रॉंग नंबर सांगून थकलो. नंबर सगळीकडे दिलाय त्यामुळे बदलता पण येत नाही.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुम्हाला जुना नंबर मिळालाय. बंद झालेला नंबर कंपन्या किमान ९० दिवस ठेवतात आणि मग दुसऱ्याला देतात, बँकेत मात्र तो आधीच्या बाईंच्याच नावावर राहतो. तुमचं घर म्हणजे तुमचा नंबर असं समजा आणि पुण्याच्या ताईंना दिलेला अर्ज तसाच करा, फक्त पत्त्याच्या जागी नंबर आणि सोबत सिम कधी घेतलं त्याची पावती किंवा बिल. बंद झालेल्या आणि परत दिलेल्या नंबरांची सरकारी यादी असते, ती तपासून आपल्या नोंदी सुधाराव्यात असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलंय, अर्जात त्याचा उल्लेख करा. फोनवर विचारा की कुठून बोलताय, कंपनीचं नाव सांगायला टाळाटाळ करत असतील, तुमचे फोटो पाठवायची किंवा कॉन्टॅक्टमधल्या लोकांना फोन करायची धमकी देत असतील तर तो बनावट लोन ॲपचा प्रकार असू शकतो, अशा वेळी अर्ज वगैरे नाही, १९३० वर सायबर तक्रार करा. त्या बाईंच्या नावाचे बँकेचे ओटीपी येत असतील तर ते कुणालाही सांगू नका आणि ते येतात हेही अर्जात लिहा.

प्रश्न : आमच्याकडेही जुन्या भाडेकरूसाठी लोक येतात. ते आता कुठे राहतात ते मला माहीत आहे, चांगली माणसं होती, त्यांच्या मुलीचं आणि माझ्या मुलीचं अजून येणं जाणं आहे. पत्ता सांगून टाकला तर आमच्यामागची पीडा जाईल, पण मन धजत नाही. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नका सांगू दारात. दारात आलेल्याला पत्ता सांगायचं बंधन तुमच्यावर नाही आणि तो खरा कोण आहे हेही तुम्हाला माहीत नसतं. "माहीत नाही" असं खोटंही बोलू नका, पुढे कुठे साक्षीला यायची वेळ आली तर अडचण व्हायची. सरळ म्हणा की ते इथे राहत नाहीत आणि बाकीचं मी सांगणार नाही, घरमालकांशी बोला. पण त्या जुन्या भाडेकरू ताईंना आज फोन करा. आडून नको, मुलींमार्फत तर अजिबात नको. म्हणावं तुमच्यासाठी माणसं येतात, या कंपनीची आहेत, एवढ्या वेळा आली. त्यांना कदाचित कल्पनाही नसेल, नोटीस इथेच येऊन परत गेली असेल. त्यांनी स्वतः कंपनीला नवीन पत्ता कळवला आणि मुदत वाढवून किंवा तडजोडीने काही होतंय का विचारलं तर त्यांचंही भलं, आणि तुमच्या दारातली बेल त्याच दिवशी थांबेल. फोनवर त्या रडल्या तर जरा वेळ ऐकून घ्या.